बडी गाय

गाय, बडी : (जन्म ३० जुलै १९३६). ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतप्रकाराच्या शिकागो परंपरेतले अमेरिकन गायक आणि गिटारवादक. मूळ नाव जॉर्ज. लुइझियाना राज्यातल्या लेट्सवर्थ या खेड्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात ते जन्मले. लहानपण कापूस वेचण्यात गेले. विकतचे वाद्य परवडणारे नव्हते, म्हणून खिडकीच्या डासजाळीतल्या तारा उपसून त्यांनी दोन तारांचे वाद्य घरीच बनवले. पुढे बॅटन रूज शहरात विद्यापीठात साफसफाई-देखभालीची नोकरी करता करता ते बँडमध्ये वाजवू लागले.

२५ सप्टेंबर १९५७ रोजी ते शिकागोला आले. ही तारीख ते दुसऱ्या वाढदिवसासारखी सांगतात. सुरुवातीचे महिने हालाचे होते. एका रात्री ७०८ क्लबमध्ये शिकागो ब्लूजचे ज्येष्ठ गायक मडी वॉटर्स यांनी या उपाशी पोराचे वाजवणे ऐकले आणि त्याला सँडविच खाऊ घातले. ब्लूजच्या दंतकथांत हे सँडविच आता कायमचे जाऊन बसले आहे.

१९५९ पासून सुमारे नऊ वर्षे ते चेस या रेकॉर्ड कंपनीत होते. मंचावर त्यांची गिटार किंचाळायची, अँप्लिफायर शिट्ट्या मारायचा. हे सगळे मालक लेनर्ड चेस यांना निव्वळ गोंगाट वाटे. त्यामुळे कंपनीने त्यांना मुख्यतः साथीला वापरले. मडी वॉटर्स यांच्या १९६४ च्या ‘फोक सिंगर’ या अल्बममधली त्यांची अकूस्टिक गिटार ऐकली, की साथ म्हणजे काय ते कळते : गाणाऱ्याने श्वास घेतला, की तेवढ्यात दोन सूर टाकून पुन्हा मागे सरायचे. १९६५ मध्ये हार्मोनिकावादक ज्युनियर वेल्स यांच्या ‘हूडू मॅन ब्लूज’वर कराराच्या अडचणीमुळे त्यांचे नाव ‘फ्रेंडली चॅप’ असे छापले गेले. तो अल्बम आज अभिजात गणला जातो. त्या काळात ते दिवसा बिघडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवत आणि रात्री क्लबात वाजवत.

त्यांच्या वादनाचा खरा विशेष म्हणजे टोकांचा खेळ. कुजबुजीइतका हळू आवाज आणि पाठोपाठ कानठळ्या. तार बोटाने पडद्यावर आडवी खेचून सूर चढवण्याची त्यांची रीत सतारीतली मींड ऐकलेल्या कानाला लगेच ओळखीची वाटते, फक्त इथे सूर सावकाश पोचत नाही, हिसका देऊन पोचतो. ब्लूज गिटारवादक गिटार स्लिम यांच्याकडून त्यांनी लांबलचक वायरची युक्ती उचलली : वाजवत वाजवत मंचावरून उतरायचे, गर्दीतून जायचे, प्रसंगी दाराबाहेर रस्त्यावर. जिमी हेंड्रिक्स, एरिक क्लॅप्टन, जेफ बेक या रॉक गिटारवादकांवर या साऱ्याचा प्रभाव पडला. शिष्य जगभर गाजले आणि ऐंशीच्या दशकात गुरूकडे अमेरिकेत धड रेकॉर्डिंगचा करार नव्हता.

१९८९ मध्ये त्यांनी शिकागोत ‘लेजंड्स’ हा क्लब काढला. १९९१ चा ‘डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज’ आला तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. त्यात क्लॅप्टन, बेक आणि मार्क नॉफ्लर साथीला आहेत. पहिले ग्रॅमी याच अल्बमला मिळाले. मग सन्मानांची रांग लागली : २००३ चे राष्ट्रीय कला पदक, २००५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, २०१२ मध्ये केनेडी सेंटर सन्मान. त्याच वर्षी व्हाइट हाउसमधल्या मैफलीत त्यांनी राष्ट्राध्यक्ष ओबामांना आग्रह करकरून दोन ओळी गायला लावल्या.

मुंबईशी त्यांचे नाते जुने आहे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी ते मुख्य कलाकार होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये, निरोपाच्या दौऱ्याच्या आरंभी, ते पुन्हा त्याच मंचावर उभे राहिले. निरोपानंतरही वाजवणे थांबले नाही. २०२५ मध्ये, ८९ व्या वाढदिवशी, त्यांचा नवा अल्बम आला.

त्यांच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या गिटारमागे एक लहानशी थाप आहे. गाव सोडताना आजारी आईला धीर यावा म्हणून त्यांनी सांगितले होते, की शिकागोहून ठिपक्यांची कॅडिलॅक गाडी घेऊन येतो. गाडी कधी आली नाही. १९६८ मध्ये आई वारली. ठिपके पुढे गिटारवर आले.