पाठवणाऱ्याचा पिनकोड शून्यापासून

पणजीच्या पोस्टात एक पाकीट आलं समजा. घेणाऱ्याचा पत्ता चोख, पिनकोड ४०३००१. पाठवणाऱ्याचा पिनकोड मात्र शून्याने सुरू होणारा. असा पिनकोड भारतात कुठेच नाही. तरी पाकीट पोचतं, कारण पोस्टमन बघतो तो घेणाऱ्याचाच पत्ता.

इंटरनेटवर डेटाला वाट दाखवणाऱ्या यंत्राचं, म्हणजे राउटरचंही हेच. डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, दोन्ही पत्ते आकड्यांत लिहिलेले असतात, पण वाट ठरते जायच्या ठिकाणावरून. हल्लेखोराला एवढं पुरतं: तो पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालतो. जोडणीची विनंती आली की सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ चालवणारा संगणक, उत्तर धाडतो आणि पलीकडून होकार येईपर्यंत थोडी जागा अडवून ठेवतो. पत्ताच खोटा, तर होकार येणार कुठून? अशा विनंत्यांचा लोंढा आला की खऱ्या ग्राहकाला जागाच उरत नाही.

यातली ढोबळ लबाडी ओळखणं सोपं. घरच्या वायफायमधले १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, १२७ ने सुरू होणारे, २४० पासून पुढचे राखीव आणि अजून कुणालाच न दिलेले पत्ते बाहेरच्या इंटरनेटवरून खरेपणाने येऊच शकत नाहीत. तंत्रज्ञ त्यांना ‘बोगॉन’ म्हणतात. फोंड्यातल्या इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या सेवादारानेही सीमेवरच्या राउटरला ही यादी दिली, की तसली पॅकेटं तिथेच गळतात.

पण यादी शिळी होते, आणि शिळी यादी घातक. २००२ साली ६९ ने सुरू होणारे पत्ते उत्तर अमेरिकेतल्या वाटपासाठी खुले झाले. ते मिळालेल्या ग्राहकांना कित्येक संकेतस्थळं उघडेनात, कारण जगभरच्या राउटरांत जुन्याच याद्या होत्या. एकदा घालून विसरलेल्या यादीपेक्षा यादी नसलेली बरी, असं माझं मत. आपोआप ताजी होणारी यादी मोफत मिळते, तीच वापरावी.

आयपीव्ही४, म्हणजे पत्त्यांच्या या जुन्या पद्धतीचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, त्यामुळे न वाटलेले पत्ते आता फारसे उरलेले नाहीत. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत मात्र रिकामी जागा अफाट आहे.

शिवाय चतुर हल्लेखोर दुसऱ्या कुणाचा तरी खरा पत्ता लावतो, तिथे ही यादी निरुपयोगी. त्यावर इलाज उगमापाशीच. म्हापशातल्या ग्राहकाला कोणता पत्ता दिलाय, हे त्याच्या सेवादाराला पक्कं ठाऊक असतं. वेगळा पत्ता लावून पॅकेट निघालं की त्याने ते तिथेच अडवावं. ही शिफारस मे २००० मध्येच प्रसिद्ध झाली. पण खटाटोप या सेवादाराचा आणि वाचणार भलत्याचाच सर्व्हर, म्हणून चालढकल अजून चालूच आहे.