पेशी कमी होणं वेगळं, रक्त न गोठणं वेगळं

जागलीच्या कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं की यवतमाळ-वर्ध्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: "पेशी कमी झाल्या." डेंग्यूमुळे हा शब्द घरोघरी पोचला, अन् लगेच पपईच्या पानांचा रस सुरू होतो. पण पेशी भरपूर असूनही कुत्रं रक्तस्रावानं मरतं, आणि हेच लोकांपर्यंत पोचत नाही.

रक्तवाहिनी फाटली की प्लेटलेट, म्हणजेच या पेशी, तिथं चिकटून कच्चं बूच बसवतात. ते पक्कं करतं फायब्रिनचं जाळं. हे जाळं यकृतात बनणाऱ्या प्रथिनांपासून तयार होतं.

गोचिडातून येणारा एर्लिशिया कॅनिस हा जंतू पेशींचा घात करतो. निरोगी कुत्र्यात मायक्रोलिटरमागे साधारण २ ते ५ लाख पेशी असतात. त्या फार घसरल्या की हिरड्यांवर, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. यावर डॉक्सिसायक्लिन, साधारण ४ आठवडे. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही.

सोयाबीनच्या पोत्यांजवळ ठेवलेली उंदराची वडी मात्र प्रथिनांवर घाला घालते. त्यातलं ब्रोमॅडिओलोन शरीराला व्हिटॅमिन के पुन्हा वापरू देत नाही, त्यामुळे गोठण्याचे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक निकामी बनतात. ठिपके सहसा दिसत नाहीत. रक्त छातीत, पोटात साचतं. कुत्रं धापा टाकतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. तेही ३ ते ५ दिवसांनी, म्हणून वडीची आठवणच कुणाला राहत नाही. पेशींचा रिपोर्ट बरा आला म्हणून निश्चिंत झालेला मालक इथंच फसतो. उतारा व्हिटॅमिन के १, तोही कित्येक आठवडे. के ३ चालत नाही. काळपट पावडरीचं झिंक फॉस्फाइड हे निराळंच विष, त्यावर व्हिटॅमिन के लागू पडत नाही. म्हणून दवाखान्यात जाताना पाकीट सोबत न्या.

घोणस चावली तर हीच प्रथिनं काही तासांत खर्ची पडतात. तिथं प्रतिविषच हवं. डॉक्टर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवतात. नुसत्या पेशी कमी असतील तर ते बहुधा गोठतं. घोणशीच्या विषात पातळच राहू शकतं.

निदान होईपर्यंत घरची अ‍ॅस्पिरिन देऊ नका, ती उरलेल्या पेशींनाही चिकटू देत नाही. मांडीच्या स्नायूत सुईही टोचू देऊ नका. पेशी कमी असोत की रक्त गोठत नसो, तिथं रक्ताची गाठ धरते.