ग्वांतानामो नाविक तळ

क्यूबाच्या आग्नेय किनाऱ्यावर, ग्वांतानामो उपसागराच्या मुखाशी असलेला अमेरिकेचा नाविक तळ. क्षेत्रफळ सुमारे ११७ चौ. किमी. अमेरिकेच्या परदेशी नाविक तळांपैकी हा सर्वांत जुना. १९५९ च्या क्रांतीपासून क्यूबा ही जागा परत मागत आला आहे आणि अमेरिकेने ती सोडलेली नाही. ज्याची जमीन त्याला नको असतानाही परके सैन्य तेथे का राहते, हे समजून घेण्यासाठी याहून लख्ख उदाहरण नाही.

उपसागर खोल आहे आणि टेकड्यांच्या आडोशाने सुरक्षित आहे. १४९४ मध्ये कोलंबसने येथे नांगर टाकला होता. १७४१ मध्ये ब्रिटिश आरमारही येथे येऊन गेले. क्यूबा आणि हैती यांच्यामधली विंडवर्ड सामुद्रधुनी येथून जवळ आहे. अटलांटिकमधून कॅरिबियन समुद्रात शिरून पनामाकडे जाणाऱ्या जहाजांची ही वाट. वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकांना ठरावीक अंतरावर कोळसा भरून घ्यावा लागे, त्यामुळे कोळशाची वखार ज्याच्या हाती, समुद्र त्याच्या हाती, असा तो काळ होता. अमेरिकेला ही जागा हवी होती ती या कोळशासाठी आणि पुढे होऊ घातलेल्या पनामा कालव्याच्या राखणीसाठी.

जागा मिळाली कशी, हे मात्र विसरता कामा नये. क्यूबन बंडखोर १८९५ पासून स्पेनशी लढत होते. १८९८ मध्ये अमेरिका त्या युद्धात उतरली आणि जूनमध्ये तिच्या मरीन सैनिकांनी बंडखोरांच्या मदतीने या उपसागरात पाय रोवले. स्पेन गेला, अमेरिकी सैन्य राहिले. ते परत न्यायचे तर नव्या राज्यघटनेत काही कलमे घाला, अशी अट १९०१ च्या ‘प्लॅट दुरुस्ती’ या अमेरिकी कायद्याने क्यूबाला घातली. क्यूबाच्या कारभारात हस्तक्षेप करण्याचा अमेरिकेचा हक्क आणि कोळसा व नाविक ठाण्यांसाठी जमीन ही त्यांतली मुख्य कलमे. क्यूबाच्या घटना समितीने ती १६ विरुद्ध ११ मतांनी स्वीकारली. दारात परके सैन्य उभे असताना दिलेल्या त्या होकाराला संमती म्हणणे अवघड आहे.

१९०३ चा भाडेपट्टा क्यूबाचे राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा पाल्मा आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सह्यांनी झाला. वार्षिक भाडे २,००० डॉलर, तेही सोन्याच्या नाण्यांत. ‘अंतिम सार्वभौमत्व’ क्यूबाचे, पण ‘संपूर्ण अधिकारक्षेत्र आणि नियंत्रण’ अमेरिकेचे, अशी त्यात विभागणी आहे. १९३४ च्या तहाने प्लॅट दुरुस्ती रद्द झाली, तळ मात्र राहिला. दोन्ही देश बदलाला राजी होईपर्यंत किंवा अमेरिका स्वतःहून तळ सोडेपर्यंत पट्टा चालू राहील, असे त्या तहात लिहिले आहे. पट्ट्याला मुदतच नाही. भाडेकरूची मर्जी असेपर्यंत मालकाला जागा रिकामी करून मागता येत नाही. ‘अमेरिका तेथे का आहे’ याचे कायदेशीर उत्तर या एका वाक्यात आहे.

भाडे दरवर्षी पाठवले जाते. रक्कम पुढे ४,०८५ डॉलरवर गेली. फिदेल कास्त्रो यांच्या सरकारने १९५९ मध्ये एकच चेक वटवला. पुढचे सगळे न वटवता ठेवून दिले. पैसे घेतले तर करार मान्य केल्यासारखे होईल, ही त्यामागची भूमिका. त्या एका वटलेल्या चेकवर बोट ठेवून नव्या सरकारनेही करार मान्य केला होता, असा युक्तिवाद अमेरिका करत आली आहे.

१९६१ मध्ये क्यूबाने कुंपणालगत निवडुंगाची दाट रांग लावली. दोन्ही बाजूंनी सुरुंगही पेरले गेले. क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या ऑक्टोबर १९६२ च्या पेचप्रसंगात कास्त्रो यांनी मांडलेल्या पाच मागण्यांत तळ परत करण्याची मागणी होती. तडजोड वॉशिंग्टन आणि मॉस्को यांनी परस्पर केली आणि ती मागणी बाजूला पडली. फेब्रुवारी १९६४ मध्ये फ्लोरिडाजवळ क्यूबन मच्छीमारांना अटक झाली, तेव्हा क्यूबाने यातेरास नदीवरून तळाला होणारा पाणीपुरवठा तोडला. अमेरिका अजूनही पाणी चोरते, असा आरोप झाल्यावर तळप्रमुख ॲडमिरल बल्कली यांनी जलवाहिनी उकरून तिचा तुकडा कापून काढला आणि पत्रकारांना दाखवला. त्यानंतर तळावर समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना आला. पाणी बंद केले की पाहुणा उठेल, ही आशा तेथेच संपली.

कोळशाचा जमाना तर केव्हाच संपला होता. पनामा कालवाही १९९९ अखेर अमेरिकेने पनामाच्या स्वाधीन केला. तरी तळ हलला नाही, कारण प्रत्येक जुने कारण संपताना नवे सापडत गेले. शीतयुद्धात साम्यवादी क्यूबापुढे माघार घेतल्यासारखे दिसू नये, हे एक. १९९० च्या दशकात समुद्रात पकडलेल्या हैती व क्यूबाच्या निर्वासितांना अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवू न देता कोठे ठेवायचे, हे दुसरे. अमेरिकेच्या १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्यानुसार तळ परत करण्याची बोलणी होतील ती लोकशाही मार्गाने निवडलेल्या क्यूबन सरकारशीच. म्हणजे तळ हा सौद्यातला हुकमाचा पत्ताही झाला.

सर्वांत वाईट उपयोग २००२ पासून झाला. ११ जानेवारीला दहशतवादाच्या संशयावरून पकडलेले पहिले २० कैदी येथे आणले गेले. एकूण सुमारे ७८० माणसे येथे डांबली गेली, त्यांतली बहुतेक आरोपपत्राशिवाय. जागा अमेरिकेच्या सार्वभौमत्वाखाली नाही, म्हणून कैद्यांना अमेरिकी न्यायालयांत दाद मागता येणार नाही, असे सरकार म्हणत होते. तळावर फिरणाऱ्या क्यूबन इग्वाना सरड्यालाही अमेरिकी कायद्याचे संरक्षण आहे, मग माणसाला का नाही, असा सवाल कैद्यांच्या वकिलांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ आणि २००८ च्या निकालांत सरकारचे म्हणणे फेटाळले. १९०३ च्या त्या दुहेरी शब्दरचनेतली फट शंभर वर्षांनी तुरुंगाच्या कामी आली. बराक ओबामा यांनी जानेवारी २००९ मध्ये वर्षभरात तुरुंग बंद करण्याचा आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्येही तेथे १५ कैदी होते.

दबावाखाली झालेला करार मुळातच अवैध, हा क्यूबाचा मुद्दा. बळाच्या धाकाने झालेला तह रद्दबातल ठरवणारा व्हिएन्ना संकेत (तहांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) १९६९ चा आहे आणि तो पूर्वलक्षी नाही, ही त्यातली कायदेशीर अडचण. नैतिकदृष्ट्या मात्र क्यूबाची बाजू बळकट आहे. २०१५ मध्ये दोन्ही देशांचे दूतावास पुन्हा उघडले, तेव्हाही तळ परत करण्याविषयी बोलणी झाली नाहीत.

हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटाची गोष्ट याच जातीची, पण तेथे यजमानच उठवला गेला: ब्रिटनने १९६५ मध्ये चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली आणि अमेरिकी तळासाठी १९७३ पर्यंत सर्व रहिवाशांना हुसकावले. ग्वांतानामोत निदान शेजार उरला. क्रांतीनंतरही शेकडो क्यूबन कामगार रोज फाटकातून ये-जा करत. नवी भरती बंद होती, त्यामुळे संख्या घटत गेली. अखेरचे दोन वृद्ध कामगार निवृत्त साथीदारांचे निवृत्तिवेतन रोख रकमेत पलीकडे घेऊन जात. २०१२ च्या शेवटी तेही निवृत्त झाले. उपसागराच्या आतल्या भागातील क्यूबन बंदरांकडे जाणारी व्यापारी जहाजे मात्र आजही, १९०३ च्या पट्ट्यातील मुक्त मार्गाच्या कलमानुसार, तळाच्या पाण्यातूनच जातात.