गाडीचा शेवटचा डबा आणि लाकडात मुरलेलं पाणी

मालगाडी गेली की शेवटच्या डब्याकडे बघून हात हलवायचा, ही लहानपणची सवय माझी अजून सुटलेली नाही. आपल्याकडे तो गार्डाचा डबा. 2022च्या जानेवारीत रेल्वेनं 'गार्ड'चं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, तरी तोंडात गार्डच येतं. अमेरिकेत त्याच जागी कॅबूस असायचा. लाकडी, बहुतेक वेळा लाल, आत कोळशाची शेगडी, झोपायला फळ्या आणि छपरावर काचेच्या खिडक्यांची एक बुटकी माडी, म्हणजे क्युपोला.

त्या माडीत बसून माणूस पुढच्या सगळ्या डब्यांवर नजर ठेवायचा. तेव्हा चाकांच्या आसाला तेलात भिजवलेल्या चिंध्यांचं वंगण असे. तेल संपलं की आस तापून धूर निघायचा आणि तो वेळेत दिसला नाही तर आस तुटून गाडी घसरायची. ब्रेकचं काम तर त्याहून जिवावरचं होतं. धावत्या गाडीच्या टपावरून या डब्यावरून त्या डब्यावर उड्या मारत, बर्फात, पावसात, हातचाकं फिरवायची. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं 1869 साली हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं आणि 1893च्या कायद्यानं असे ब्रेक मालगाड्यांनाही सक्तीचे झाले. टपावरची धावपळ हळूहळू थांबली, कॅबूस मात्र राहिला. 1980च्या दशकात त्याची जागा एका लुकलुकणाऱ्या पेटीनं घेतली. ही पेटी शेवटच्या डब्याला अडकवतात आणि ती ब्रेकच्या नळीतला दाब रेडिओवरून इंजिनाला कळवते. लाकडी कॅबूस तर त्याच्या कितीतरी आधीच पोलादी डब्यांपुढे मागे पडले होते.

उरलेले काही संग्रहालयांत गेले, काही गावच्या बागेत शोभेला उभे राहिले. बागेतले भराभर कुजतात. त्यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, 'जुनं लाकूड आहे, कुजणारच.' मला इथेच थांबून बोलायचं आहे, कारण वय झालं म्हणून लाकूड कुजत नाही. इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या थडग्यात सापडलेलं लाकडी सामान सुमारे 3,300 वर्षांचं आहे. लाकूड खाते ती बुरशी, आणि तिला पाणी लागतं.

किती पाणी? लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या टक्क्यांत मोजतात. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, तेव्हा हवेतली वाफ लाकडाच्या पेशींच्या भिंतींत शिरलेली असते. या भिंती साधारण 30 टक्क्यांना तृप्त होतात. त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत मोकळं साचतं आणि बुरशीला ते हवं असतं. 20 टक्क्यांच्या खाली ठेवलेलं लाकूड कुजत नाही, हा या क्षेत्रातला रोजच्या वापरातला आकडा. नुसत्या दमट हवेनं लाकूड सहसा तिथवर जात नाही. त्यासाठी पाणी आत शिरावं लागतं.

ते शिरतं लाकडाच्या टोकातून. देवदार, पाइन अशा लाकडाच्या पेशी म्हणजे 3-4 मिलिमीटर लांबीच्या, केसाहून बारीक नळ्या, सगळ्या एकाच दिशेनं रचलेल्या. फळीचा पृष्ठभाग म्हणजे या नळ्यांच्या कुशी, तर कापलेलं टोक म्हणजे त्यांची उघडी तोंडं. 15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या नळीत केशाकर्षणानं, म्हणजे अरुंद नळीत आपोआप वर ओढलं जाऊन, पाणी हिशेबाप्रमाणे सुमारे 1 मीटर चढू शकतं. आपल्या वाड्यांचे खांब मातीत पुरलेले नसतात, दगडी तळखड्यावर उभे असतात, त्याचं कारण हेच. वाडा बांधणाऱ्या सुतारांना केशाकर्षणाचं सूत्र माहीत नव्हतं, पण पाणी कुठून चढतं हे पक्कं माहीत होतं.

कॅबूसच्या भिंतींना एकमेकींत खाचेनं बसवलेल्या उभ्या फळ्या असतात आणि त्यांची खालची टोकं डब्याच्या तळाच्या तुळईपाशी येऊन संपतात. वरून ओघळलेलं पाणी नेमकं तिथे थांबतं. त्यावर रंगाचा जाड थर असेल तर आणखी वाईट. फटीतून पाणी आत जातं आणि रंग त्याला बाहेर पडू देत नाही. बाहेरून डबा लालचुटुक दिसतो. तुळईच्या टोकाला टोचा लावला की तो लोण्यात शिरावा तसा आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा टोकाला तपकिरी भुगा चिकटलेला असतो.

हा भुगा करणाऱ्या बुरशीची रीत मला विलक्षण वाटते. लाकडातलं सेल्युलोज तोडायला तिच्याकडे विकरं (एन्झाइम) आहेत, पण पेशीभिंतीतली छिद्रं इतकी अरुंद की विकरांचे मोठे रेणू आत मावत नाहीत. म्हणून ती लहान रेणू पुढे पाठवते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फेरस रूपातलं लोह भिंतीच्या आत एकत्र आलं की हायड्रॉक्सिल मूलक नावाचा अतिशय क्रियाशील कण तयार होतो. तो क्षणभरच टिकतो, पण समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. सेल्युलोज म्हणजे हजारो ग्लुकोजची साखळी आणि लाकडाची ताणशक्ती या साखळीच्या लांबीवर उभी असते. साखळी मधोमध तुटली की वजन तेवढंच राहतं, ताकद मात्र जाते. म्हणूनच वजन जेमतेम 10 टक्के घटेपर्यंत निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते. मागे उरतं ते मुख्यतः लिग्निन, म्हणजे लाकडाच्या पेशींना घट्ट धरून ठेवणारा पदार्थ. ते तपकिरी असतं आणि सुकलं की चौकोनी तुकड्यांत तडकतं. हे कोरडे तुकडे पाहून लोक 'कोरडी कूज' म्हणतात आणि कोरडं लाकूडही कुजतं असा समज करून घेतात. कोरडेपणा नंतरचा, आधी तिथे पाणी होतं.

अशा जुन्या डब्यांत रात्री आवाज येतात म्हणून ते झपाटलेले आहेत, असंही सांगितलं जातं. लाकूड ओल्याचं पूर्ण कोरडं होताना लांबीत जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के आखडतं, रुंदीत मात्र कितीतरी टक्के. रात्री हवेतला दमटपणा बदलला की फळ्या खिळ्यांशी आणि एकमेकींशी घासतात आणि करकरतात. भूत शोधायला जाण्यापेक्षा आर्द्रतामापक घेऊन जावं. कुजलेल्या लाकडात ओतून ते 'दगडासारखं' करणाऱ्या चमत्कारी द्रवांच्या जाहिरातींवरही मी विश्वास ठेवत नाही. आत ओल असताना वरून कवच चढवलं, तर बुरशीला झाकण मिळतं. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळली तरी तेच होतं.

मग करायचं काय? अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात नॉर्थ फ्रीडम या गावी मिड-कॉन्टिनेंट रेल्वे म्युझियम आहे, लाकडी डब्यांच्या संग्रहासाठी नावाजलेलं. याच राज्यात, मॅडिसनला, 1910 साली स्थापन झालेली अमेरिकी सरकारची लाकूड संशोधन प्रयोगशाळा आहे. लाकूड, पाणी आणि बुरशी यांच्याविषयी तिथे शंभराहून अधिक वर्षं काम चालू आहे. 2008च्या जूनमध्ये बाराबू नदीला पूर आला आणि पाणी थेट या संग्रहालयात शिरलं. एकदा भिजलेलं लाकूड वेळेत आणि सावकाश सुकवता येतं, घाई केली तर ते तडकतं. वर्षानुवर्षं पावसात उभ्या असलेल्या डब्याला मात्र सुकायला उसंतच मिळत नाही.

म्हणून पहिला खर्च छपराचा. रंगाचा नंबर बराच नंतर लागतो, आणि जुना रंग खरवडण्याआधी त्यात शिसं आहे का हे तपासावंच लागतं. शेड उभी राहिली की तळाखालून वारा खेळू द्यायचा आणि तुळयांची टोकं मोकळी करायची. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा, तिथे त्याच जातीचा तुकडा लांब तिरकस सांध्यानं जोडायचा आणि जुनं लाकूड जेवढं वाचेल तेवढं वाचवायचं. बोरॅक्सच्या जातीचे क्षार बुरशीला मारतात, पण ते पाण्यात विरघळतात. उघड्यावर पाऊस ते धुऊन नेतो, छपराखाली ते टिकतात. शेवटी दोन सुयांचा मापक तुळईत टोचायचा. कोरडं लाकूड वीज जवळजवळ वाहू देत नाही, ओलं देतं, आणि त्यावरून तो टक्के सांगतो. आकडा 20च्या खाली येऊन तिथेच टिकला, की मग लाल रंगाचा डबा उघडून रंगवायला घ्यायला हरकत नाही.