गोळी अडवणारी वाकळ

पैठणच्या मागावर ताणलेल्या कापडाला बोटाने टोचले, तर केवळ बोटाखालचे धागे ओढले जात नाहीत. त्यांना छेदणारे ताण्याबाण्याचे इतर धागेही त्या ओढीत सामील होतात. बुलेटप्रूफ जाकिटाचे मर्म याच ओढीत आहे. जाकिटाचे कापड गोळीपेक्षा कठीण असते, हा समज चुकीचा आहे.

पिस्तुलाची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला 400 मीटर वेगाने आली, तर तिच्यात सुमारे 640 जूल ऊर्जा असते. दहा किलोचा दगड साडेसहा मीटर उंचीवरून पडावा, तेवढी. ती चार सेंटिमीटर अंतरात थांबवायची म्हटल्यास सेकंदाचा जेमतेम पाच हजारावा भाग हाताशी असतो. मात्र जाकिटाच्या पॅरा-अरामिड नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्यात ताणाची लाट सेकंदाला सुमारे सात हजार मीटर वेगाने धावते, त्यामुळे तेवढ्या अवधीतही ती मीटरभर लांब पोचू शकते आणि आघात बोटभर जागेत न साचता दूरवरच्या धाग्यांत वाटला जातो. या गटातले केवलार रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या 1965 मधील शोधातून आले. रेशमाचा प्रयोग त्याहून जुना आहे: शिकागोत धर्मगुरू कॅसिमिर झेग्लेन यांनी 1897 मध्ये रेशमी जाकिटाचे पेटंट मिळवले होते.

जाकिटात या कापडाचे अनेक थर एकावर एक असतात. मग एकच जाड थर का नको? पहिल्या काही थरांना ओढ पसरवण्याइतकाही वेळ मिळत नाही. ते तुटतात, पण तुटता तुटता शिशाच्या गोळीचे टोक चेपून पसरट करतात. मागच्या थरांच्या वाट्याला मग मंदावलेली, रुंद झालेली गोळी येते आणि तिच्याखाली अधिक धागे सापडतात. आपल्याकडची वाकळ दाट टाक्यांनी शिवतात. जाकिटात मात्र टाके बेताचेच ठेवावे लागतात, कारण ते दाट झाले की जाकीट ताठर होते. धाग्यांमधले घर्षणही महत्त्वाचे असते. अरामिड भिजले की धागे निसटून बाजूला सरतात, म्हणून त्यावर जलरोधक आवरण घालतात.

गोळी अडली तरी धक्का उरतोच; अमेरिकी मानकानुसार चाचणीत जाकिटामागे ठेवलेल्या मातीत 44 मिलिमीटरपेक्षा खोल खळगा पडता कामा नये. रायफलच्या गोळीपुढे नुसते कापड पुरत नाही, पुढे सिरॅमिकची पाटी लागते. आणि पोती शिवायचा साधा दाभण? तो धागे न ताणता बाजूला सारतो आणि त्यांच्या फटीतून आरपार जातो.