रात्रीची प्रार्थना: सक्तीची की ऐच्छिक?

ज्यू लोक रोज तीनदा प्रार्थना करतात, पण तशी आज्ञा त्यांच्या हिब्रू धर्मग्रंथात कुठेच नाही. संदेष्टा दानिएल यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडी ठेवून दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. ५५व्या स्तोत्रातही संध्याकाळ, सकाळ, दुपार या वेळा येतात. पण ती भक्तांची रीत झाली, नियम नव्हे. नेमून दिले होते ते होमबली. गणना या ग्रंथाच्या २८व्या अध्यायाप्रमाणे रोज दोन कोकरे, एक सकाळी, एक सांजवेळी. प्रत्येकासोबत एफाचा (धान्याचे जुने माप) दहावा भाग सपीठ आणि पाव हिन (द्रवाचे माप) तेल. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले, बली थांबले आणि नित्य प्रार्थना त्यांच्या जागी मानली जाऊ लागली.

पेच इथेच आला. दोन बलींना दोन प्रार्थना जुळतात, तिसरीला आधार काय? एका मते तिन्ही वेळा कुलपित्यांनी घालून दिल्या: सकाळ अब्राहामाची, दुपार इसहाकाची, रात्र याकोबाची. दुसऱ्या मते, दिवसाच्या बलींचे उरलेले भाग रात्रभर वेदीवर जळत, त्यांच्या जागी रात्रीची प्रार्थना. मात्र ते भाग जळले नाहीत तरी अर्पण वाया जात नसे, म्हणून ही प्रार्थनाही ऐच्छिक.

मंदिरानंतर याव्ने गावी भरणाऱ्या ज्यू विद्यापीठात यावरून मोठा भडका उडाला. एका शिष्याने ज्येष्ठ विद्वानाला विचारले. उत्तर आले, ऐच्छिक. तोच प्रश्न प्रमुखाला विचारला. उत्तर आले, सक्तीची. प्रमुखाने त्या विद्वानाला भरसभेत उभे केले आणि स्वतः बसून पाठ चालू ठेवला. सभा खवळली, प्रमुखाला पदावरून दूर केले, शिष्यांना अडवणारा दारावरचा पहारेकरी हटवला. शिष्यांसाठी नवी बाके घालावी लागली. तालमुदात (ज्यू धर्मचर्चांच्या संग्रहात) बाकांचे ४०० आणि ७०० असे दोन आकडे येतात. पुढे प्रमुख माफी मागायला त्या विद्वानाच्या घरी गेला, तेव्हा भिंती काजळीने काळ्या झालेल्या दिसल्या. विद्वानांचे पोट कशावर चालते हे प्रमुखाला ठाऊकच नव्हते, आणि यजमानाने ते तोंडावर सुनावले. या प्रकरणात खरा धडा प्रार्थनेच्या वेळेपेक्षा अधिकाराच्या वापराचा आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

निकाल ऐच्छिकच्या बाजूने झुकला, पण लोकांनी रात्रीची प्रार्थना नेमाने पाळून ती बंधनकारक करून टाकली. मूळ दर्जाची खूण अजून शिल्लक आहे: सकाळी व दुपारी मंडळी पुटपुटून झाल्यावर हज्जान (प्रार्थना चालवणारा) ती मोठ्याने पुन्हा म्हणतो, रात्री म्हणत नाही.

पुटपुटण्याची पद्धत हन्नाकडून आली. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही आणि एली याजक तिला झिंगलेली समजतो. त्यावरून नियम निघाले: मन एकाग्र हवे, ओठ हललेच पाहिजेत, आवाज चढवायचा नाही, दारूच्या नशेत प्रार्थना करायची नाही. नुसते मनात म्हटलेले धरत नाहीत. आपल्या कानाला ऐकू यावे, शेजाऱ्याला नाही. पाय जुळवून, यरुशलेमकडे तोंड करून उभे राहायचे. शेवटी तीन पावले मागे. पहिल्याच आशीर्वचनात लक्ष उडते, तिथेच बहुतेकांची चूक होते.

शेमाच्या (‘हे इस्राएला, ऐक’ या श्रद्धावचनाच्या) वेळा मात्र अनुवाद या ग्रंथाच्या ६व्या अध्यायातच सांगितल्या आहेत: निजताना आणि उठताना. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली ती ही शेमाच. पूर्ण प्रार्थनाक्रम त्यांच्यात रुजला तो कोचीनकडच्या शिक्षकांमुळे. मुंबईत मांडवीला त्यांचे पहिले सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) १७९६ मध्ये उभे राहिले.