समुद्रफूल आपली जागा स्वतः शोधतं

समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. त्याच्या अंगात हाड नाही, बाहेर कवच नाही. ते उभं राहतं ते पोटाच्या पोकळीत भरून घेतलेल्या पाण्याच्या दाबावर. शिवाय अंगातलं मिठाचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा वेगळं राखणं त्याला जमत नाही. बाहेर जेवढा खारटपणा, तेवढाच आत. मासे कल्ले आणि मूत्रपिंडांच्या जोरावर थोडाफार फरक निभावून नेतात, याला ती सोय नाही. म्हणून सांगलीतल्या घरात समुद्रफूल आणायचं ठरलं, की आधी पाण्याचं बघायचं, प्राण्याचं नंतर.

आपल्याकडचं नळाचं पाणी क्लोरिन मारलेलं. बोअरचं तर त्याहून अवघड. मिरज, वाळवा, पलूसकडे उसाला पाणी पाजून पाजून कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षारांच्या जोडीला नायट्रेटही असू शकतं. तेव्हा पाणी आरओचंच घ्यावं. मात्र घरगुती आरओत चवीसाठी खनिजं परत मिसळण्याची सोय असते, ती टाळून. त्यात समुद्री टाकीसाठीचं तयार मीठ घालून खारटपणा हजारी 35 भागांवर आणायचा. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम हे सगळं असतं, आणि तेच लागतं.

खारटपणा मोजायचं यंत्र तासगावकडच्या द्राक्ष बागायतदाराला बघताक्षणी ओळखू येईल. काचेवर रसाचे दोन थेंब टाकून, उजेडाकडे धरून जो ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतात, तोच हा रिफ्रॅक्टोमीटर. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांमुळे प्रकाश किती वाकतो, यावरून आकडा मिळतो. पण बागेतलं यंत्र इथे वापरू नका, त्याची पट्टी साखरेची असते. मिठाच्या पट्टीचं वेगळं मिळतं. ते घ्यावं आणि हजारी 35 च्या प्रमाणित द्रावणाने अधूनमधून पडताळून बघावं.

बागेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट निक्षून सांगतो. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण 1885 च्या सुमारास फ्रान्समधल्या द्राक्षबागांत डाऊनी या रोगावर उपाय म्हणून पुढे आलं आणि आजही आपल्याकडे फवारलं जातं. बुरशीला मारणारं हेच तांबं समुद्रफुलाला अगदी अल्प प्रमाणातही विषारी असतं. फवारणी करून आलेले हात टाकीत घालू नयेत. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही तांबं असतं. अशी औषधं पूर्वी वापरलेली टाकी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये; दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात.

टाकी निदान सहा महिने चाललेली असावी. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू काही आठवड्यांत तयार होतात, पण पाण्याला ठहराव यायला त्याहून बराच वेळ लागतो. पहिल्यांदा आणणाऱ्याने बबल टिप ही, शुंडकांची (अंगावरच्या बोटांसारख्या लोंब्यांची) टोकं बुडबुड्यासारखी फुगणारी जात घ्यावी. गालिच्यासारखी पसरणारी मोठी समुद्रफुलं नंतर. बबल टिप मधोमध दुभंगून एकाची दोन होते. टाकीतच असं दुभंगलेलं पिल्लू मिळालं तर उत्तम: ते टाकीला सरावलेलं असतं आणि त्यापायी समुद्रातून काही उपसावं लागत नाही. पांढरंफटक किंवा भडक पिवळं, गुलाबी दिसणारं मात्र घेऊ नका. समुद्रफुलाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पांढऱ्या समुद्रफुलाने हे शैवाल गमावलेलं असतं, आणि भडक रंग बऱ्याचदा कृत्रिम असतो.

मुंबई-पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पिशवी येते तेव्हा आतला जीव आकसून मुठीएवढा झालेला असतो. इथे थोडं रसायनशास्त्र कामाला येतं. रात्रभर श्वसन होऊन पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू (पीएच) उतरतो. सामू उतरलेला असेपर्यंत साचलेला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या, म्हणजे फारसा त्रास न देणाऱ्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू चढतो आणि त्याच अमोनियमचा जहाल अमोनिया होऊ लागतो. म्हणून विकणाऱ्याला खारटपणा आधीच विचारून ठेवावा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यावी, तापमान सारखं होतं. खारटपणा जुळत असेल तर लगेच सोडावं. फरक असेल तर बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब, साधारण तासभर पिशवीत सोडावं. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये. पाय, म्हणजे बुडाची चिकटणारी चकती, प्लॅस्टिकला चिकटला असेल तर ओढायचा नाही, बोटाच्या पेराने कडेकडेने सोडवायचा. फाटलेला पाय सहजी भरून येत नाही.

मग त्याला दगडातल्या एखाद्या खाचेजवळ ठेवा आणि बाजूला व्हा. पाय टेकेपर्यंत प्रवाह मंद ठेवा. बबल टिपला पाय फटीत खोल रोवून फक्त शुंडकं उजेडात ठेवायला आवडतं. आपण निवडलेली जागा पसंत नसेल तर ते रातोरात चालू लागतं. उचलून पुन्हा जागेवर बसवण्याचा मोह होतो, पण दर वेळी पाय उपटला जातो आणि जागा पक्की व्हायला आणखी वेळ लागतो. फिरण्यातला खरा धोका पंपाचा. वेव्हमेकरच्या, म्हणजे पाण्यात लाटा उठवणाऱ्या पंपाच्या, पात्यात सापडलं तर त्याच्या चिंधड्या होतात आणि त्यातून सुटलेलं विष टाकीतल्या इतर जिवांनाही भोवू शकतं. आणण्याआधीच पंपांच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज लावून ठेवा.

दिवे पहिले आठ-दहा दिवस मंद. अंधारातून आलेल्या शैवालावर एकदम प्रखर उजेड पडला तर त्याच्या पेशींत घातक ऑक्सिजन संयुगं तयार होतात आणि समुद्रफूल शैवालच बाहेर टाकतं. तपकिरी तंतू तोंडातून निघताना दिसले तर उजेड कमी करा. उष्णतेनेही हेच होतं. आपल्या मे महिन्यात बाहेर चाळिशी गाठली की टाकी तिशीच्या वर जाते, आणि हवं असतं 25-26 अंश. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. आपली उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे हा उपाय इथे चांगला लागू पडतो. फक्त उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, कारण मीठ मागे राहिलेलं असतं. वळिवाच्या वाऱ्याने वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

पहिला आठवडा काही खायला घालू नका. नंतर हरभऱ्याएवढा कोळंबीचा तुकडा, आठवड्यातून एकदा, पुरे. तुकडा मोठा असला तर दुसऱ्या दिवशी तो चिकट गोळा होऊन बाहेर येतो आणि पाणी नासतं. खाणं आणि टाकणं एकाच तोंडातून होतं, म्हणून ते मधूनच आकसून काळपट घाण सोडतं आणि काही तासांत पुन्हा फुगतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तोंड दिवसभर सताड उघडं राहिलं, शुंडकं गळू लागली, कुजका वास आला, तर मात्र तासाचाही विलंब न करता बाहेर काढा. सडणाऱ्या मांसाचा अमोनिया बाकीच्यांना घेऊन जातो.

सांभाळलं तर हा जीव फार टिकतो. स्कॉटलंडमध्ये निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी 1828 साली किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं होतं. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात, पाणी नेमाने बदललं जात, ते 1887 पर्यंत जगलं. डॅलिएल स्वतः 1851 साली वारले होते.

समुद्रफुलात घर करणाऱ्या क्लाउनफिश माशांची जोडी घाईने आणू नये. नव्या समुद्रफुलाला ती घासून, ढोसून हैराण करते. पाय पक्का रोवून ते आठ-पंधरा दिवस एका जागी राहिलं, रोज फुलू लागलं, की मग मासे सोडावेत. त्यानंतर उलट फायदाच होतो: माशांनी सोडलेला अमोनिया आतलं शैवाल खत म्हणून वापरतं, आणि रात्री शुंडकांमध्ये वळवळणारे मासे तिथलं पाणी हलतं ठेवतात.